लक्ष दिल्यासारखा चेहरा

लेखासाठी संपादकांचा फोन आला तेव्हा ते बराच वेळ बोलत होते. विषय, शब्दमर्यादा, मुदत, फोटो कसा पाठवायचा, सगळं त्यांनी सांगितलं असणार. मी 'हो, हो' म्हणत होते आणि खिडकीतून शेजारच्यांच्या टाकीवर बसलेल्या कावळ्याकडे बघत होते. त्याच्या चोचीत पोळी आहे की पापड, हे शेवटपर्यंत कळलं नाही. शब्दमर्यादाही कळली नाही. त्यामुळे लेख लांबला तर दोष कावळ्याचा.

निफाडजवळच्या एका पॅकहाऊसमध्ये मी क्वालिटी बघते. लग्नकार्यात कुणी 'काय करता?' असं विचारलं आणि मी पॅकहाऊस म्हटलं, की समोरच्या बाई सहानुभूतीने बघतात. त्यांच्या डोळ्यांसमोर गोडाऊन येतं. तर पॅकहाऊस म्हणजे परदेशी निघालेल्या द्राक्षांचं ब्युटी पार्लर. सकाळी बागेतून क्रेटमध्ये माल येतो. थंडगार हॉलमध्ये टेबलांच्या रांगा, आणि प्रत्येक टेबलाशी टोपी-मास्क घातलेल्या बायका, हातात बारीक टोकाची कात्री. घड देठाला धरून उचलायचा. मण्यांना बोट लावायचं नाही, कारण त्यांच्यावरची पांढुरकी पावडर पुसली गेली की तिकडच्या गिऱ्हाइकाला द्राक्ष शिळं वाटतं. फुटका, डागी, बारीक राहिलेला मणी कात्रीने कापून काढायचा. हाताने ओढायचा नाही. ओढला की रस सुटतो आणि शेजारचे मणी सडतात. हे मी इतक्या जणींना इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतही हेच बडबडते, असं माझ्या घरचे म्हणतात.

हे काम मला येतं आणि आवडतंही. पण पगार या कामाचा मिळतो, असा माझा बरीच वर्षं गैरसमज होता. पगार मीटिंगमध्ये बसण्याचा मिळतो. घड बघणं हा आपला हौसेचा भाग.

हंगामात रोज संध्याकाळी आमची मीटिंग असते. उद्या कुणाची बाग खुडायची, हे तिथे ठरतं. बाकीच्या मीटिंगांबद्दल मी काहीही बोलेन, पण ही मीटिंग पोकळ नसते. कुणीतरी वर्षभर जीव लावलेला माल असतो तो. लवकर खुडला तर गोडी कमी. थांबलो आणि मधेच पाऊस आला तर मणी तडकतो. कुठल्या बागेतल्या मण्याची साल कशी आहे, बोटीचा एवढा लांबचा प्रवास कुठला माल सोसेल, हे सांगायला मी तिथे बसते. त्या खुर्चीचा मला अभिमान आहे, उगाच लाजत नाही. अडचण एवढीच की सांगायच्या आधी ऐकावं लागतं.

आणि ऐकणं हे माझ्या डोक्याला मान्य नाही.

म्हणजे असं बघा. आमचा फील्ड ऑफिसर दशरथ बोलायला उभा राहतो. 'कुंदेवाडीचा प्लॉट' एवढं म्हणतो. मी ऐकतेय. मग त्याच्या शर्टाचं एक बटण वेगळ्या रंगाचं दिसतं. ते कुणी लावलं असेल? त्याची बायको माहेरी गेलीय का? तिचं माहेर येवल्याचं. येवल्याला मावशीने पैठणी घेतली होती, ती कुणाकडे आहे आता? एवढ्यात सगळे माझ्याकडे बघत असतात आणि कुणीतरी म्हणतं, "मॅडम, तुम्हाला काय वाटतं?" मला काय वाटतं? मला वाटतं ती पैठणी धाकट्या मावसबहिणीने ढापली. पण हे क्वालिटी विभागाचं मत म्हणून देता येत नाही.

'लक्ष कुठे आहे?' हा प्रश्न मी पहिलीपासून ऐकत आले आहे. बाईंनी विचारला, आईने विचारला, सासूबाईंनी गॅसवर उतू गेलेल्या दुधाकडे बोट दाखवून विचारला. उत्तर कुणालाच नको होतं. त्यामुळे मीही ते कधी शोधलं नाही. आपण धांदरट आहोत, एवढं मान्य करून टाकलं आणि धांदरटपणा झाकायच्या कामाला लागले. ती नोकरी बिनपगारी होती आणि तिला सुट्टी नव्हती.

उपाय सगळे करून झाले. मीटिंगमध्ये लक्ष राहावं म्हणून लोक काय काय सुचवतात, ते मी क्रमाने भोगलंय. पुढच्या खुर्चीत बसा, म्हणे. बसले. तिथून बोलणाऱ्याच्या नाकातला केस दिसतो. पुढचं सांगत नाही. मुद्दे लिहून घ्या, म्हणे. लिहिले. घरी येऊन बघते तर मुद्दा एक आणि पानभर वेलबुट्टी. पाणी पीत राहा, म्हणे. प्यायले, आणि मग मीटिंगभर एकाच गोष्टीवर लक्ष होतं, ती म्हणजे मीटिंग कधी संपते. दीर्घ श्वास घेतला तर शेजारच्या अकाउंटंटने विचारलं, "बरं वाटत नाहीये का?"

उपाय सापडला तो अपघाताने. रोज बागांमधून नमुन्याचे घड येतात. त्यांची गोडी मोजली की ते घड बाद. एके संध्याकाळी मी मीटिंगला जाताना असाच एक बाद घड आणि खिशातली कात्री घेऊन गेले. टेबलावर कागद पसरला आणि सवयीने डागी मणी काढायला लागले. अर्ध्या तासाने माझ्या लक्षात आलं की मी सगळं ऐकलंय. दशरथ काय म्हणाला ते, आणि बसता बसता तो शेजारच्याच्या कानात काय पुटपुटला तेही. "त्या बागेला काल पाणी सोडलंय बरं का," असं तो म्हणाला होता. पाणी सोडलेल्या बागेची गोडी उतरते, ती दुसऱ्या दिवशी खुडायची नसते. मी घडावरून नजर न काढता म्हटलं, "ती बाग चार दिवसांनी घेऊ."  मला स्वतःलाच खोलीत कुणी नवी बाई आल्यासारखं वाटलं.

तेव्हापासून मीटिंग म्हणजे मी, घड आणि कात्री. हातांना काम मिळालं की डोकं भटकायला जात नाही, जागेवर बसून ऐकतं. का ते मला माहीत नव्हतं. चालतंय ना, मग चालू दे.

कुणाची काही तक्रार नव्हती, कारण मालकांचंही असंच होतं. आमचे मालक तात्या. स्वतः मुरलेले बागाईतदार. मीटिंगला बसले की तळहातावर तंबाखू घ्यायचे, चुना लावायचे आणि मीटिंग संपेपर्यंत मळत राहायचे. खाली पॅकिंगच्या हॉलमध्ये तंबाखूची पुडी सापडली तर माणूस घरी जातो. पण वरच्या खोलीत मालकाला कोण सांगणार? गंमत म्हणजे तात्या मळत असले की लोक म्हणायचे, तात्या विचार करतायत. मी कात्री चालवत असले की म्हणायचे, मॅडमचं काम संपत नाही वाटतं. असो. खोलीतले आम्ही दोघेच खऱ्या अर्थाने मीटिंगला हजर असायचो.

याला काही नाव आहे, हे कळलं ते लेकीमुळे. कॉलेजात असताना तिचं मन काही केल्या अभ्यासात लागेना, म्हणून तिला नाशिकला एका मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर बाईंकडे नेलं. त्या लेकीला एकेक प्रश्न विचारत होत्या. समोरचा बोलत असताना मन भटकतं का? वस्तू कुठे ठेवल्या ते विसरतेस का? आणि प्रत्येक प्रश्नाला लेकीच्या आधी मीच 'हो' म्हणत होते. शेवटी डॉक्टर पेन खाली ठेवून म्हणाल्या, "आई, तुमची अपॉइंटमेंट वेगळी घेऊ या का?"

त्याला एडीएचडी म्हणतात. लहान मुलांचा आजार म्हणून लोक ओळखतात. पण मुलं मोठी होतात आणि हेही त्यांच्याबरोबर मोठं होऊन नोकरीला लागतं. नावात म्हटलंय लक्षाची कमतरता. कमतरता कसली? लक्ष भरपूर आहे. फक्त ते बोलणारा माणूस सोडून बाकी सगळ्यांवर आहे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी फरक पडतो. पण गोळीने मीटिंग रंजक होत नाही, तेवढी ताकद औषधात अजून आलेली नाही. कात्रीबद्दल मी घाबरत घाबरत सांगितलं. वाटलं, आता ही सवय सोडा म्हणतील. त्या म्हणाल्या, "कात्री मुळीच सोडू नका." त्या दिवशी घरी येताना मी रिक्षात रडले. दुःखाने नाही. इतकी वर्षं लोक ज्याला धांदरटपणा म्हणत होते त्याला नाव होतं, आणि त्यावर मी माझी मीच तोड काढली होती, म्हणून.

ऑफिसात मात्र सांगितलं नाही. क्वालिटीच्या बाईला लक्ष देता येत नाही, ही बातमी बाहेर पडली तर काय होईल, हे ओळखण्याइतकं लक्ष माझ्याकडे होतं.

मग तात्यांनी नवे मॅनेजर आणले. ऋषिकेश साहेब. पुण्याचे, तिशी ओलांडलेले, अविवाहित, नाशिकच्या इंदिरानगरला, आमच्या तिथल्या ऑफिसजवळच, भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचे. कपडे परीटघडीचे आणि टेबल इतकं रिकामं की नुकतंच विकायला काढलंय असं वाटावं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मीटिंगला शिस्त लावली. दाराशी एक वेताची टोपली आली, फोन त्यात टाकायचे. एका वेळी एकच जण बोलणार, बाकीच्यांनी त्याच्याकडे बघायचं. हात टेबलावर, मोकळे. भिंतीवरचं घड्याळ त्याच सुमारास बंद पडलं. सेल संपला असेल, असं सगळ्यांना वाटलं आणि टाकायचं काम प्रत्येकाला दुसऱ्याचं वाटलं.

पहिल्या दिवशी मी घड घेऊन बसले. दोन-तीन मणी काढले असतील. साहेब बोलता बोलता थांबले. पुन्हा सुरू झाले, पुन्हा थांबले. मग अतिशय नम्रपणे म्हणाले, "मॅडम, हे नंतर केलं तर चालेल? मीटिंगमध्ये आपण प्रेझेंट असायला हवं."

मी प्रेझेंटच होते. आता ॲबसेंट होणार होते. पण हे सांगायचं तर बाकी सगळं सांगावं लागलं असतं. मी कात्री खिशात टाकली. तात्यांच्या तंबाखूलाही साहेबांनी परदेशी गिऱ्हाइकांच्या स्वच्छतेच्या ऑडिटचं कारण देऊन तितक्याच नम्रपणे हात जोडले. आणि आश्चर्य म्हणजे तात्यांनी ऐकलं. पगार देऊन माणूस आणलाय तर त्याचं ऐकावं, असा त्यांचा हिशेब.

मग मी कामाला लागले. ऐकता येणार नव्हतं, तर निदान ऐकल्यासारखं दिसायला हवं. घरी आरशासमोर सराव केला. हनुवटी किंचित वर. भुवया थोड्या जवळ, फार नाही, फार आणल्या की पित्त झाल्यासारखं दिसतं. बोलणाऱ्याच्या दोन डोळ्यांच्या मधोमध बघायचं. त्याने श्वास घेतला की मान हलवायची. अधूनमधून 'बरोबर' म्हणायचं, पण फार मोठ्याने नाही. असा चेहरा टिकवायला इतकी मेहनत लागते की ऐकायला काही शिल्लक उरत नाही. मीटिंगहून मी पार दमून यायचे, आणि काय ठरलं ते सकाळी दशरथला खुबीने विचारून घ्यायचे. तोही बिचारा सांगायचा. त्याला वाटायचं, मॅडम त्याची परीक्षा घेतायत.

एका मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, "टीम, गेल्या काही दिवसांत सगळ्यात जास्त इम्प्रूव्हमेंट कुणाची असेल, तर शैला मॅडमची. त्यांचा आय कॉन्टॅक्ट बघा. ऐकणं म्हणजे काय, हे त्यांच्याकडून शिका." हे मला दशरथने नंतर सांगितलं. मी तिथेच होते आणि टाळ्याही वाजवल्या. स्वतःसाठीच वाजवतेय, हे माहीत नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, सकाळी मी हॉलवर पोचले तर दशरथ दाराशी उभा. हातात पेढ्यांचा पुडा आणि चेहरा पडलेला.

"अभिनंदन मॅडम," तो म्हणाला. "पण खरं सांगू का, आमाला लय वाईट वाटलं."

"कशाचं?"

"तुमी चालल्या ना आता. इंदिरानगरच्या हापिसात."

मी पेढा तोंडाशी नेला होता, तो तसाच राहिला. "कोण म्हणालं?"

"काल साहेब म्हनले ना मीटिंगमधी. परदेशातले जे गिऱ्हाइक हायेत, त्यांच्या रोज कंप्युटरवर मीटिंगा असत्यात. दिवसभर ऐकून घ्यायचं काम. साहेब म्हनले, आपल्यात नीट ऐकणारं माणूस एकच हाय. मग तुमाला इचारलं, चालंल का. तुमी मान हालवली. दोनदा."

"आणि इथे कोण बघणार?"

"इथं कोन नाय. संध्याकाळच्या मीटिंगला क्वालिटीची खुर्ची काढली. तात्यांनाबी इचारलं. त्यांनीबी मान हालवली."

माझी स्वतःची खुर्ची मी स्वतःच्या मानेने घालवली होती. आणि बक्षीस काय, तर दिवसभर मीटिंगा. एसी, फिरती खुर्ची आणि पडद्यावर चौकोनांत बसलेले चेहरे. ज्या बाईला पाच मिनिटं बोलणाऱ्याकडे बघता येत नाही, तिला ऐकण्याच्या खात्याची प्रमुख केलं होतं. मी आधी हसले. मग हॉलच्या काचेतून आत बघितलं. बायका टेबलांशी उभ्या होत्या, कात्र्या चालू होत्या. या हॉलशिवाय मला काही येत नाही. इथे मी हुशार आहे. तिथे, त्या पडद्यासमोर, मी पुन्हा पहिलीतली मुलगी होणार होते.

तात्या वजनकाट्याशेजारच्या बाकावर तंबाखू मळत बसले होते. मोकळ्या हवेत त्यांना बंदी नव्हती.

"तात्या, माझी बदली झाली."

"कुठं? कोनी केली?" त्यांचे हात थांबले.

"तुम्ही. काल. मान हलवलीत म्हणे."

तात्यांनी तळहातावरची तंबाखू झटकून टाकली. मग ओशाळून म्हणाले, "आता तुमच्यापासनं काय लपवायचं, शैलाताई. हात रिकामे ऱ्हायले की मला गुंगी येती. मान आपोआप हालती. तो पोरगा काय बोलतो, मला एक अक्षर कळत नाय. मला वाटलं तुमी ऐकताय, मंग बरं हाय."

"मला वाटलं तुम्ही ऐकताय."

"मंग ऐकलं कोनी?"

 तात्या उठायला लागले. "थांबा, त्याला बोलवून सांगतो. एका शब्दात मिटवतो."

मी त्यांना थांबवलं. तात्यांनी हुकूम सोडला असता तर खुर्ची राहिली असती. पण तिच्यावर बसून मला तोच चेहरा करावा लागला असता, हंगामच्या हंगाम. ते मला आता जमणार नव्हतं. खुर्ची हवी होती ती ऐकण्यासाठी. "मीच बोलते," मी म्हटलं. तात्या म्हणाले, "बोला. नाय जमलं तर मी हाये हितंच."

नमुन्याच्या क्रेटमधून एक बाद घड उचलला, खिशात कात्री आहे ना ते चाचपलं आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"साहेब, इंदिरानगरचं मला जमणार नाही. मी हो म्हटलं तेव्हा तुम्ही काय विचारत होता, हे मला माहीत नव्हतं."

ते गोंधळले. "पण तुम्ही तर माझ्याकडेच बघत होतात."

"म्हणूनच."

मग मी सांगितलं. बटण, पैठणी, वेलबुट्टी. डॉक्टर, गोळ्या. आरशासमोरचा सराव. डॉक्टर सोडल्या तर हे मी घराबाहेर आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगत होते. ते ऐकत होते. ऐकत असावेत. आता कुणाच्या चेहऱ्यावर माझा विश्वास उरला नव्हता.

"पटत नसेल तर बघा," असं म्हणून मी त्यांच्या रिकाम्या टेबलावर कागद पसरला आणि घड ठेवला. "उद्याचं नियोजन सांगा. मी तुमच्याकडे बघणार नाही."

ते सांगायला लागले. मी कात्री चालवायला लागले. ते थांबले. पुन्हा एक वाक्य बोलले. कात्री वाजली, पुन्हा थांबले. असं चार-पाचदा झालं. शेवटी ते गप्पच बसले.

मी घडाकडे बघतच म्हटलं, "कुंदेवाडीचा पहिला प्लॉट सकाळी लवकर, गाड्या दोन, मजूर त्यांचेच. मग चिंचेच्या झाडाजवळचा प्लॉट. इथे तुम्ही थांबलात. का थांबलात?"

मी मान वर केली. साहेब माझ्या हाताकडे बघत होते.

"ती कात्री," ते म्हणाले. "ती वाजली की माझं संपलं, मॅडम. मग मी फक्त ती पुन्हा कधी वाजेल याची वाट बघत बसतो. स्वतः काय बोलत होतो तेही विसरतो."

"एवढ्याशा आवाजाने?"

"मला सगळं ऐकू येतं. प्रॉब्लेम तोच आहे. कुणाचा फोन थरथरला, कुणी पाय हलवला. मीटिंगमधलं घड्याळ बंद पडलेलं नाही, त्यातला सेल मी काढलाय. तो माझ्या ड्रॉवरमध्ये आहे." मग ते म्हणाले, "शाळेत मला शिक्षा म्हणून भिंतीकडे तोंड करून बसवायचे. मला तिथेच अभ्यास जमायचा. म्हणून मी मुद्दाम शिक्षा व्हावी असं वागायचो."

मी कात्री खाली ठेवली. इतके दिवस मला वाटत होतं, हा माणूस शिस्तीचा भक्त आहे. ती टोपली, ते मोकळे हात, ती शांतता, सगळं त्याने स्वतःला बुडण्यापासून वाचवायला उभं केलं होतं. आणि त्याचा तो आधार नेमका माझा आधार काढून घेऊन बांधला गेला होता. यात रागवायचं कुणावर? मला त्याच्याबद्दल माया वाटली, आणि थोडं हसूही आलं.

"त्या डॉक्टर बाईंचा नंबर मिळेल का?" ते भिंतीकडे बघत म्हणाले. "एका मित्राला हवाय."

"मित्राला सांगा, घाबरण्यासारखं काही नसतं. नुसतं बोलायचं असतं."

"सांगतो."

बदली रद्द झाली. इंदिरानगरच्या मीटिंगा अकाउंटंटकडे गेल्या. त्याला दिवसभर बसून ऐकायला मनापासून आवडतं. अशीही माणसं असतात, मी प्रत्यक्ष पाहिली आहेत. संध्याकाळच्या मीटिंगमध्ये मी खुर्ची उचलून साहेबांच्या मागे, खिडकीशी नेली. तिथून त्यांना माझे हात दिसत नाहीत. आवाजाचा प्रश्न होता, म्हणून कात्री सोडली. आता बाद घडाचे मणी हाताने ओढून काढते. ज्या गोष्टीसाठी आयुष्यभर बायकांना रागावले, तीच आता रोज संध्याकाळी करते. घड बादच असतो म्हणून चालतं. तरी कुणी बाई निरोप घेऊन वर आली तर पदराखाली लपवते.

तात्यांनाही तंबाखूऐवजी घड देऊन पाहिला. त्यांनी तो मळायच्या ऐवजी खाल्ला, रोज एक, आणि मग घरून सूनबाईंचा फोन आला की सासऱ्यांची साखर वाढलीय. आता ते जपाची माळ ओढतात. ऑडिटला माळ चालते. लोक म्हणतात, तात्या देवाधर्माला लागले.

साहेबांच्या मित्राचं बरं चाललंय म्हणे.

हा हंगाम संपला की मी निवृत्त होणार. परवा साहेब विचारत होते, निरोप समारंभ कसा करायचा. स्टेज, शाल, श्रीफळ, भाषणं. म्हणाले, "मॅडम, भाषणं लांबणार. तात्या बोलणार, दशरथने आत्तापासून तयारी सुरू केलीय. आणि सत्कारमूर्तीला काही मागे खिडकीशी बसवता येणार नाही. सगळ्यांसमोर बसावं लागेल. तो चेहरा कराल का पुन्हा?"

"नाही," मी म्हटलं. "माझ्याबद्दल कोण काय बोलतं, ते मला एकेक शब्द ऐकायचंय. शेवंतीचा हार आणा, चांगला भरगच्च. गळ्यात असेल तो. मी त्याच्या पाकळ्या काढत बसेन."

ते हसले. मग जरा काळजीने म्हणाले, "मलाही ऐकायचंय, मॅडम. मी कुठे बसू?"

"माझ्या मागे बसा," मी म्हटलं. "हात दिसणार नाहीत."